मुरूम, चॉकलेट आणि कुंभाराचं गाढव

आवाज मागेपर्यंत पोचतोय ना? ठीक.

'कारण म्हणजे काय' या विषयावरच्या आपल्या व्याख्यानांमध्ये आत्तापर्यंत ह्यूम झाला, मिल झाला, न्यायदर्शनातली कारणचर्चाही थोडी झाली. गेल्या वेळी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती, "सर, धूर आणि अग्नी पुष्कळ झालं, आता घरातलं एखादं उदाहरण घ्या." (हशा) मागणी रास्त आहे. म्हणून आज उदाहरण घेतलंय मुरुमांचं. रस्त्यावर टाकतात तो मुरूम नव्हे, चेहऱ्यावर येतात ते. तारुण्यपीटिका म्हणा, पुटकुळ्या म्हणा, आजकालच्या भाषेत पिंपल्स म्हणा.

एक खुलासा आधीच करतो. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे, मी वैद्यकातला डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कुणाला औषध लिहून मिळणार नाही. पण 'अमुक कशामुळे झालं' असं कुणी म्हणालं की तो माझाही प्रांत होतो, आणि या विषयावर तर घराघरांत रोज कारणं सांगितली जातात. सोळा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहून विचारते, "मलाच का?" आजी म्हणते, उष्णता वाढली, आंबे कमी खा. आई म्हणते, तेलकट खातेस, वडे बंद. बाबा म्हणतात, रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल, दुसरं काय होणार! काकू म्हणते, पोट साफ नाही. शेजारच्या मावशी म्हणतात, रक्त अशुद्ध आहे. आणि औषधाच्या दुकानातला मुलगा काही न बोलता एक छोटी ट्यूब पुढे सरकवतो. सहा जण, सहा कारणं. आणि यातली प्रत्येक गोष्ट ऐकताना त्या मुलीला एकच वाक्य ऐकू येतं, ते म्हणजे 'चूक तुझी आहे.' मला हा विषय घ्यावासा वाटला तो यासाठी.

आधी वस्तुस्थिती बघू. आपल्या कातडीवर केसांची जी छिद्रं असतात, त्यांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. या तेलाला सीबम म्हणतात. चेहरा, छाती, पाठ इथे त्या जास्त आणि मोठ्या. म्हणून मुरूमही तिथेच, तळहातावर कधी नाही. वयात येताना शरीरात अँड्रोजेन वर्गाची हार्मोन्स वाढतात. त्यांना पुरुषी हार्मोन्स म्हणतात, पण ती मुलींतही असतात, अंडाशयातून आणि मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींतून येतात. त्यांच्या हुकमावरून तेलाच्या ग्रंथी वाढतात आणि जास्त तेल सोडतात. त्याच सुमाराला छिद्राच्या आतल्या पेशी नीट गळून बाहेर पडायच्या त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत तेल साठतं. या तेलावर जगणारा एक जीवाणू सगळ्यांच्याच कातडीवर मुक्कामाला असतो, त्याला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात. तो तिथे वाढतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध दाह उभा करतं. मग लाली, सूज, पू. तेल, बूच, जीवाणू आणि दाह अशी चौघांची ही भागीदारी आहे.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचा काळेपणा हा मळ नसतो. उघड्या छिद्रातल्या बुचातलं रंगद्रव्य आणि हवेशी संबंध आलेलं तेल यांचा तो रंग. तेव्हा दिवसातून सहा वेळा साबणानं घासून काही होत नाही, झाली तर कातडीची आग होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हे बूच बसायला सुरुवात होते तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. आज गालावर जो मुरूम दिसतोय, त्याची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी, बऱ्याचदा दोनेक महिन्यांपूर्वी झालेली असते.

आता हे ध्यानात ठेवून आजीचं वाक्य ऐका. "काल आंबा खाल्लास, आज फोड आला." काल खाल्लेला आंबा दोन महिन्यांपूर्वी बसलेल्या बुचाचं कारण कसा होईल? फार तर आतल्या दाहाला जरा हवा देईल. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. आंब्याच्या बाबतीत तर कावळे अनेक आहेत. आंब्याचा मोसम म्हणजे एप्रिल-मे. उकाडा, घाम, परीक्षा नुकतीच संपलेली, झोपेच्या वेळा विस्कटलेल्या, पाहुणे, लग्नं, चेहऱ्यावर मेकअप. या सगळ्यांतून आपण आंबा तेवढा उचलतो, कारण तो लक्षात राहतो. आंब्याच्या चिकानं तोंडाभोवती पुरळ उठतं हे खरं, पण ती चिकाची अ‍ॅलर्जी, तो मुरूम नव्हे.

न्यायशास्त्रात यासाठी एक फार सुंदर शब्द आहे, अन्यथासिद्ध. घडा तयार होण्याआधी काय काय असतं? माती असते, चाक असतं, दांडा असतो, कुंभार असतो. आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. कुंभाराचे वडीलही असतात, ते नसते तर कुंभार कुठून आला असता? पण म्हणून गाढव हे घड्याचं कारण नाही. ते आधी आहे, हजर आहे, पण त्याच्यावाचून घडा अडत नाही. माती दुसऱ्या कशावरूनही येते. कारण व्हायचं तर नुसतं आधी असून चालत नाही, नियमानं आधी असावं लागतं आणि अन्यथासिद्ध नसावं लागतं. आपल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या नैयायिकांनी ही चाळणी करून ठेवली आहे आणि आपण ती रोजच्या जेवणाच्या टेबलावर वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तेलकटाचं काय? "वडे खाल्ले की चेहरा तेलकट होतो." इथे दुसरीच गंमत आहे. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात चुकीच्या समजुतींची एक यादी दिली आहे. तीत एक अशी, की कारण कार्यासारखंच दिसलं पाहिजे. चेहरा तेलकट आहे, तर पोटात तेल गेलं असणार! पण कढईतलं तेल पोटातून उठून गालावर येत नाही. चेहऱ्यावरचं तेल ग्रंथी स्वतः बनवते, आणि किती बनवायचं हे प्रामुख्यानं हार्मोन्स ठरवतात. कपाळावर बाहेरून चोपडलेलं तेल मात्र छिद्र बुजवू शकतं. डोक्याला भरपूर तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेनं जे बारीक दाणे येतात, त्यांत तेलाचा हात असतो. म्हणजे तेलाचा संशय खरा होता, पण आपण तो स्वयंपाकघरात नेला, न्यायला हवा होता न्हाणीघरात. (हशा)

जुन्या ग्रंथांत काय आहे, असं कुणीतरी विचारेलच, तर सांगतो. सुश्रुतसंहितेत हा विकार क्षुद्ररोगांत आहे, नाव मुखदूषिका. तरुणांच्या तोंडावर, सावरीच्या काट्यासारख्या पुळ्या, कफ, वात आणि रक्त यांमुळे होणाऱ्या, असं वर्णन. वैद्यकाच्या दृष्टीनं त्याचं काय करायचं ते वैद्य ठरवतील. मला त्यातलं 'तरुणांच्या' हे पद महत्त्वाचं वाटतं. वय हा सर्वांत भक्कम धागा त्या माणसाच्या नजरेतून सुटला नव्हता.

वयाचा धागा म्हणजे हार्मोन्स. हे नुसतं बरोबर चालतं की खरोखर कारण आहे, हे कसं ठरवायचं? अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं का, आणि ते नसताना हे नसतं का. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन नावाच्या संशोधकानं १९४१ साली हेच पाहिलं. ज्या पुरुषांचे अंडकोष वयात येण्यापूर्वीच गेले होते, त्यांना मुरूम येत नव्हते. हा व्यतिरेक झाला. मग त्यांच्यापैकी काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं, आणि मुरूम आले. हा अन्वय. मात्र सगळ्यांना आले नाहीत. काहींनाच आले. हे 'काहींनाच' नीट ऐका, पुढे लागणार आहे. हार्मोन आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. आणि म्हणूनच मुरुमांच्या बहुतेक रुग्णांची हार्मोन्स रक्तात तपासली तर आकडे सामान्यच येतात. त्यांच्या ग्रंथी त्या सामान्य हार्मोनलाच जास्त दाद देतात. एकाच वाड्यात एकच सनई वाजते, कुणाची झोप मोडते, कुणाची नाही.

अपवाद आहे तो पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयाशी निगडित त्या विकाराचा. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, मुरूम जबड्याच्या कडेनं आणि पंचविशी उलटली तरी चालूच, कधी मानेवर काळसर मखमली पट्टा. हे एकत्र दिसलं तर तो फक्त चेहऱ्याचा प्रश्न नाही आणि तिथे आंबा-वडा करत बसू नये, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठावा. मानेवरचा काळेपणा तर घासणीनं घासणाऱ्या आया मी पाहिल्यात. तो मळ नाही, बऱ्याच वेळा इन्शुलिन वाढल्याची ती खूण असते.

आता येऊ आहाराकडे, कारण खरी लढाई तिथे झाली आहे. १९६० पर्यंत अमेरिकेतले डॉक्टरही सर्रास सांगत, चॉकलेट सोडा, तळलेलं सोडा. मग १९६९ साली फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेटचा एक बार दिला, नेहमीच्या बारपेक्षा दहापट चॉकलेट असलेला. आणि तुलनेसाठी तसाच दिसणारा, चॉकलेट नसलेला बार. मुरुमांत फरक पडला नाही. झालं! पुढची तीस-पस्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत वाक्य बसलं, की आहाराचा आणि मुरुमांचा संबंध नाही.

या प्रयोगाकडे आपण जरा थांबून बघू. तुलनेच्या बारमध्ये काय होतं? चॉकलेट काढलं होतं, पण साखर होती आणि चॉकलेटच्या चरबीच्या जागी वनस्पती तूप होतं. म्हणजे प्रश्न विचारला गेला तो असा, की साखर आणि चरबी दोन्हीकडे असताना कोकोमुळे काही जादा बिघडतं का? याचं उत्तर 'नाही' आलं. ते उत्तर त्या प्रश्नाचं म्हणून ठीक आहे. पण ते वाचलं गेलं दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून, की खाण्यानं काही बिघडतं का? समजा, तुम्हाला पाहायचंय की चहानं झोप उडते का. एका गटाला चहा दिला, दुसऱ्याला कॉफी. दोघेही जागे. निष्कर्ष, चहानं झोप उडत नाही! (हशा) हसू येतं, पण तीन दशकं चाललं हे. शिवाय चार आठवडे. बूच बसून दिसायलाच त्याहून जास्त वेळ लागतो हे आत्ताच पाहिलं.

आणखी एक गोष्ट, जी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नसते पण नीतिशास्त्राच्या वर्गात सांगितलीच पाहिजे. त्या ६५ जणांपैकी ३५ जण तरुण कैदी होते. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ एवढा काळ कैद्यांवर नाना प्रयोग केले, पुढे त्यावर मोठी टीका झाली, पुस्तक निघालं. याच क्लिगमननी मुरुमांवर ट्रेटिनॉइन हे औषध रूढ केलं, जे आजही उपयोगी पडतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मी इथे निकाल देत नाही, पण पुढच्या वेळी कुणी 'शास्त्रानं सिद्ध झालंय' म्हणालं तर कुणाच्या कातडीवर सिद्ध झालं, हे विचारायची सवय ठेवा.

मग वारं फिरलं कुठून? २००२ साली कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी दोन समाजांची पाहणी छापली. एक पापुआ न्यू गिनीतलं किटावा बेट. तिथले लोक कंद, फळं, मासे, नारळ खाणारे, साखर-मैदा जवळजवळ नाही. १२०० माणसं तपासली, त्यांत १५ ते २५ वयाची ३००. मुरूम एकालाही नाही. दुसरे पॅराग्वेतले आचे लोक, ११५ जण, ८४३ दिवस लक्ष ठेवलं. तिथेही एक नाही. याउलट शहरी पाश्चात्त्य समाजात या वयात दहांतल्या आठांना थोडेफार मुरूम येतातच.

लगेच टाळ्या वाजवू नका. किटावाचे लोक आणि न्यूयॉर्कचे लोक यांत फक्त साखरेचा फरक आहे का? वंश वेगळा, ऊन वेगळं, कष्ट वेगळे, तणाव वेगळे. गाढवं पुष्कळ आहेत. आणि गंमत म्हणजे त्याच २००२ साली ब्रिटनमधल्या जुळ्या स्त्रियांचा एक अभ्यास आला, त्यात निष्कर्ष असा की मुरुमांच्या बाबतीत माणसा-माणसांतला जो फरक दिसतो, त्यातला ८१ टक्के आनुवंशिक आहे. आता काय करायचं? एक म्हणतो आहार, दुसरा म्हणतो जीन्स.

माझ्या मते इथे भांडण मुळात नाहीच, आणि हे कळणं आजच्या व्याख्यानातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एक वर्ग घ्या. सगळ्यांना एकच मास्तर, एकच पुस्तक, एकच वेळापत्रक. परीक्षेत मार्क वेगवेगळे पडले. हा फरक मास्तरांमुळे पडला का? नाही, मास्तर सगळ्यांना एकच होते. फरक मुलांच्या बुद्धीचा, घरच्या परिस्थितीचा. म्हणजे 'मार्कांतल्या फरकात मास्तरांचा वाटा शून्य' हे खरं. पण त्यावरून 'मास्तर शिकवत नसते तरी एवढेच मार्क पडले असते' हे निघतं का? अजिबात नाही. ब्रिटनमधल्या त्या स्त्रिया सगळ्याच साधारण सारखं खाणाऱ्या. पाव, साखर, दूध सगळ्यांच्याच ताटात. तिथे जो फरक उरतो तो जीन्सचा. किटावात मास्तरच वेगळे आहेत. आनुवंशिकतेचा आकडा एका समाजाच्या आतल्या फरकाबद्दल बोलतो, तो समाज बदलला की आकडा बदलू शकतो. एवढं एक वाक्य वर्तमानपत्रांनी लक्षात ठेवलं तर निम्मे मथळे वाचतील.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९६५ साली कारणाची एक कल्पना मांडली, ती इथे चपखल बसते. घराला आग लागली, तपासणारे म्हणाले शॉर्टसर्किटमुळे. पण नुसत्या शॉर्टसर्किटनं आग लागत नाही, शेजारी जळण्याजोगं काही हवं, हवा हवी. आणि शॉर्टसर्किट नसतं तरी दुसऱ्या वाटेनं, निखाऱ्यानं आग लागू शकली असती. म्हणजे शॉर्टसर्किट एकटं पुरेसं नाही आणि सर्वत्र आवश्यकही नाही. पण ज्या जुळणीतून ही आग लागली त्या जुळणीतून ते काढलं तर ती जुळणी पांगळी होते. मुरुमांत आहाराची जागा अशी आहे. हॅमिल्टनच्या प्रयोगातलं ते 'काहींनाच' आठवा. कुणाच्या जुळणीत साखर आहे, कुणाच्या नाही.

आणि ती जुळणी कशी चालते हे आता बरंच कळलंय. मैदा, साखर, साबुदाणा, पॉलिश केलेला भात, बिस्किटं असे पदार्थ रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतात. त्यामागोमाग इन्शुलिन वाढतं. त्यानं आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या हार्मोनचं काम वाढतं, आणि रक्तात हार्मोन बांधून ठेवणारं जे प्रथिन असतं ते कमी होतं, म्हणजे मोकळं अँड्रोजेन जास्त. दोन्हींचा रोख तेलाच्या ग्रंथीकडे. मग आहार आणि हार्मोन्स ही दोन वेगळी कारणं राहिली का? आहार बोलतो तो हार्मोनच्या तोंडून. आपल्याकडे उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, वर गोड ताक आणि दोन केळी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते इन्शुलिनला तंतोतंत लागू आहे. (हशा)

मेलबर्नमध्ये २००७ साली एक चाचणी झाली. १५ ते २५ वयाचे ४३ मुलगे, दोन गट, १२ आठवडे. एका गटाला साखर हळू चढवणारा आहार, दुसऱ्याला नेहमीचा. पहिल्या गटात मुरूम सरासरी साडेतेवीसनं घटले, दुसऱ्यात बारानं. दोन गोष्टी टिपा. काहीच विशेष न केलेल्या गटातही बारा कमी झाले! मुरूम आपसूक चढतात-उतरतात, आणि माणूस उपाय शोधतो तो चढतीच्या टोकाला असताना. मग जे केलं त्याला श्रेय. आपल्या निम्म्या घरगुती उपायांची कीर्ती या बारांवर उभी आहे. आणि दुसरी, पहिल्या गटाचं वजनही जवळपास तीन किलोनं उतरलं. मग गुण आहाराचा की वजन उतरल्याचा? पूर्ण सुटलेलं नाही. पण दिशा दिसते.

दुधाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक परिचारिकांना शाळेच्या वयातला आहार आठवून विचारला, तेव्हा जास्त दूध पिणाऱ्यांत मुरूम थोडे जास्त निघाले, आणि गंमत म्हणजे संबंध साय काढलेल्या दुधाशी अधिक ठळक. म्हणजे दोष स्निग्धांशाचा नसावा. पण विशी-पंचविशी उलटून गेल्यावर शाळेत किती पेले दूध प्यायचो हे कुणाला नीट आठवतं? नंतर मुलामुलींवर पुढच्या काळात लक्ष ठेवून केलेल्या पाहण्यांतही संबंध दिसला, पण हलका. दुधातल्या व्हे प्रथिनानं इन्शुलिन बरंच वाढतं, हे मात्र खरं.

ताण आणि झोप थोडक्यात. स्टॅनफर्डमध्ये २००३ साली २२ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या काळात आणि एरवी असं तपासलं, ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे मुरूमही जास्त वाढले. बावीस म्हणजे आकडा लहान. पण ताणाची हार्मोन्स असतात, ती ग्रंथींपर्यंत पोचतात, तेव्हा अशक्य काही नाही. मग मला सांगा, मुरूम आलेल्या मुलीला रोज दहा जणांनी टोकणं, पाहुण्यांसमोर 'चेहरा बघा कसा झालाय' म्हणणं, हे जीवनशैलीत धरायचं की नाही? 'जीवनशैली' या शब्दावर माझा राग आहे तो यासाठी. तो शब्द म्हटला की सगळं त्या एकट्या माणसाच्या निवडीवर येऊन पडतं. घरात काय शिजतं, कॉलेजच्या कँटीनमध्ये वीस रुपयांत काय मिळतं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो, क्षयाच्या काही औषधांनी मुरुमासारखं पुरळ येतं, हे तिनं निवडलंय का?

आणि आता ती ट्यूब. बीटामिथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. ही स्टिरॉइड्स. योग्य आजारात, योग्य दिवस, उत्तम औषधं. पण चेहरा उजळतो म्हणून दुकानातून आणून महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, आणि मुरूमच येतात. बंद केलं की भडका उडतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. माझ्या नात्यातल्या एका मुलीनं लग्न ठरायच्या आधी असं वर्षभर केलं, नंतर उन्हात उभं राहता येईना. त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं आवाज उठवल्यावर २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती पाळली कितपत जाते, ते तुम्हीच कोपऱ्यावर जाऊन बघा. मुरुमाच्या खोट्या कारणांची सगळ्यांत मोठी किंमत मी इथे पाहिली. आधी 'चूक तुझी' म्हणायचं, मग लाजेनं डॉक्टरकडे न्यायचं नाही, आणि मग ट्यूब.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोता : जिममध्ये व्हे प्रोटीन घेतो, पाठीवर मुरूम आलेत. सोडू का?)

व्हे सुरू केल्यावर मुरूम आलेल्या तरुणांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमच्यापुरता प्रयोग करायला अगदी सोपा आहे, दोन-तीन महिने बंद करून डाळ, उसळ, अंडी यांवर राहा. डब्यात किंवा इंजेक्शनात दुसरं काही मिसळलेलं नाही ना, तेही बघा. ट्रेनरनं दिलेलं इंजेक्शन असेल तर प्रश्न मुरुमांचा उरत नाही, आजच डॉक्टरकडे जा.

(श्रोता : मग डॉक्टरांचं औषध घेतलं की आहार बघायची गरज नाही?)

औषधांचा पुरावा आहाराच्या पुराव्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन अशी मलमं तज्ज्ञांच्या सल्ल्यानं नीट लावली तर गुण येतो, पण आठ ते बारा आठवडे लागतात. लोक दहा दिवसांत सोडतात. खोल, दुखरे, खड्डे पडणारे मुरूम असतील तर थांबूच नका, व्रण आयुष्यभर राहतात. आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गरोदरपणात गर्भाला भयंकर अपाय करतात, त्या स्वतःच्या मनानं कुणीही घेऊ नयेत.

(श्रोत्या : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. आंबा आणि दूध, दोन्ही बंद केलंय मी. बरोबर केलं का?)

ताई, वाढीच्या वयात दूध बंद केलंत तर त्या कॅल्शियमची आणि प्रथिनांची सोय दुसरीकडून करावी लागेल, ते आधी बघा. आंबा तर तिला द्याच, जेवणानंतर फोडी दोन-चार, पेलाभर साखर घातलेला रस नको. आणि खरंच शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन एकदम नाही. बारा आठवडे. तिला विचारून, तिच्या संमतीनं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरूम वाढतात, ते दिवस वेगळे नोंदवा, नाहीतर त्याचा ठपका दुधावर येईल. वही करा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी मोजा. आणि सुरुवातीचा आकडा आजच लिहून ठेवा, नंतर आठवून नव्हे.